साध्या पांढऱ्या भुकटीचं काय आलं?

रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओल्या वाळूवर काळे पट्टे उरतात. लहानपणी आम्ही जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक त्या वाळूतून फिरवायचो. थोडे कण झटकन चिकटायचे, बरीचशी काळी वाळू मात्र तशीच पडून राहायची. चिकटतं ते मॅग्नेटाइट आणि पडून राहतं ते बहुतेक इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, हे कळायला एम.एस्सी. उजाडावी लागली. इल्मेनाइटमधलं लोखंड काढून टाकलं की पांढरंशुभ्र टायटॅनियम डायऑक्साइड मिळतं. घराच्या रंगात, टूथपेस्टमध्ये, औषधाच्या गोळीवरच्या पांढऱ्या थरात तेच असतं. पीएच.डी.ची साडेपाच वर्षं मी या पांढऱ्या भुकटीला रंग चढवण्यात घालवली.

रंग चढवायचा तो उन्हासाठी. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांचा एक छोटा लेख ‘नेचर’मध्ये आला. पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक, दुसरीकडे प्लॅटिनम, मध्ये तार. स्फटिकावर प्रकाश टाकला की त्याच्यापाशी ऑक्सिजन आणि प्लॅटिनमपाशी हायड्रोजन. पाणी फोडायला एरवी वीज लावावी लागते, इथे मुख्य काम प्रकाश करत होता. फक्त तो प्रकाश अतिनील हवा. या पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात उडी मारायला ॲनाटेज या स्फटिकरूपात ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, रुटाइल रूपात ३.०. तरंगलांबीत सांगायचं तर ॲनाटेजला साधारण ३८८ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश हवा आणि रुटाइलला ४१३ च्या आतला. हे दोन आकडे लक्षात ठेवा, माझं एक अख्खं वर्ष त्यांच्या मधल्या फटीत गेलं.

जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा चाळीस टक्क्यांच्या वर. पाणी फोडायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, म्हणजे हिरव्या, पिवळ्या प्रकाशातही तेवढी ताकद असते. टायटॅनियम डायऑक्साइड स्वस्त, बिनविषारी, वर्षानुवर्षं पाण्यात राहून न विरघळणारं. त्याला दृश्य प्रकाश पचवायला शिकवता आलं तर आणखी काय हवं? २००१ मध्ये जपानमधल्या र्योजी असाही आणि सहकाऱ्यांनी काही ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन बसवून पिवळसर टायटॅनियम डायऑक्साइड दाखवलं. २०११ मध्ये बर्कलीच्या गटाने हायड्रोजनच्या २० बार दाबाखाली, २०० अंशांवर, पाच दिवस भाजून ते चक्क काळं केलं. मी प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा भिंतीवर त्या काळ्या भुकटीच्या फोटोची प्रिंट लावलेली होती.

सरांनी मला नायट्रोजनवाली वाट दिली.

भुकटी बनवायची कृती कागदावर दहा ओळींची आहे. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड हा तेलासारखा द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळायचा, थोडं ॲसिटिक ॲसिड, मग नायट्रोजनसाठी युरियाचं पाणी थेंब थेंब. जेल बसतं, ते ओव्हनमध्ये सुकवायचं, अगेटच्या खलात घोटायचं, ॲल्युमिनाच्या मुशीत घालून मफल भट्टीत भाजायचं. पहिल्या जुलैत या दहा ओळींनी मला रडवलं. आयसोप्रोपॉक्साइडला हवेतला ओलावा सोसत नाही. पावसाळ्यात बाटलीचं झाकण उघडून पिपेट आत घालेपर्यंत पिपेटच्या टोकावर पांढरी साय धरायची आणि बीकरमध्ये पडायचे ते गुठळे. आमच्याकडचा ग्लव्ह बॉक्स, म्हणजे हातमोज्यांतून काम करायची हवाबंद पेटी, बंद पडलेला होता. शेवटी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत नायट्रोजन भरून, हात आत घालून, पिशवीचं तोंड मनगटाला रबरबँडने बांधून मी द्रव मोजायला शिकले. सिनियर ताई म्हणाली, “हे जमलं ना, आता दिवाळीत पोरांना रांगोळीची चाळण धरायला शिकवशील.” हात थरथरायचा तो त्यानंतर थांबला.

भाजण्यावर सगळा खेळ असतो. ४०० अंशांवर काढलं तर स्फटिक नीट बनत नाहीत. ६०० पर्यंत नेलं तर नायट्रोजन उडून जायला लागतो आणि ॲनाटेजचं रुटाइल व्हायला लागतं. क्ष-किरणांच्या आलेखात (इथले अंश कोनाचे) २५.३ अंशांवरचं शिखर म्हणजे ॲनाटेज, २७.४ वरचं रुटाइल. ५०० अंशांना लोण्यासारखी पिवळी भुकटी मिळायची. ५८० ला ती फिकी व्हायची आणि २७.४ वर बारीकसा उंचवटा दिसायचा. हायड्रोजन मात्र ५८० वालीच जास्त देणार होती, म्हणून मी तिलाच धरलं.

मोजणी अशी. काचेच्या बंद भांड्यात १०० मिलिलिटर द्रव, पाण्यात २० टक्के मिथेनॉल. त्यात १०० मिलिग्रॅम भुकटी, तिच्यावर एक टक्का प्लॅटिनम. हे प्लॅटिनम क्लोरोप्लॅटिनिक ॲसिडमधून प्रकाशानेच भुकटीवर बसवतात; बसलं की पिवळा रंग करडा होतो. बाहेरून थंड पाण्याचं जॅकेट, खाली मॅग्नेटिक स्टरर. पाऊण तास अरगॉन सोडून हवा हाकलायची. मग ३०० वॅटचा झेनॉन दिवा, समोर काचेचा फिल्टर. दर अर्ध्या तासाने वरच्या रबरी सेप्टममधून सिरिंजने अर्धा मिलिलिटर गॅस ओढायचा आणि जीसीत, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, टोचायचा. पहिल्यांदा हायड्रोजन बाहेर पडतो, मागून ऑक्सिजन, मग नायट्रोजन.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी हायड्रोजनच्या जागी रेघ वर उचलली गेली. अर्ध्या तासाने आणखी वर. दीड तासाला आणखी. चार बिंदू सरळ रेषेत बसले, हिशेब तासाला ११ मायक्रोमोलचा आला. फिल्टर ४०० नॅनोमीटरचा होता, म्हणजे अतिनील अडवला होता, म्हणजे हे दृश्य प्रकाशात घडत होतं. मी घरी फोन केला. बाबांनी विचारलं, “म्हणजे पाण्यावर गाडी चालेल का गं?” मी म्हटलं, चालेल बाबा, वेळ लागेल. माझा त्यावर खरोखर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी आलेख घेऊन सरांकडे गेले. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, कौतुकही केलं. मग विचारलं, “अंधारात काय येतं?”

“काही नाही सर. दिवा लावायच्या आधी अर्धा तास घेतला होता.”

“छान. आणि साध्या पांढऱ्या भुकटीचं काय आलं?”

मी ते केलंच नव्हतं. पांढऱ्याला दृश्य प्रकाश दिसतच नाही, मग ती घालून वेळ कशाला दवडायचा, असं मला वाटलं होतं. बाजारात पी-२५ नावाने मिळणारी साधी भुकटी घेतली, तसंच एक टक्का प्लॅटिनम बसवलं, तसाच फिल्टर, तेच मिथेनॉल. तासाला ९ मायक्रोमोल.

मी मशीन बिघडलंय असं समजून तीन वेळा पुन्हा केलं. नऊ, साडेनऊ, नऊ. नायट्रोजनचा स्पर्शही न झालेली, डोळ्यांना खडूसारखी पांढरी दिसणारी भुकटी माझ्या पिवळ्या भुकटीच्या जवळपास तेवढाच हायड्रोजन देत होती. म्हणजे ११ पैकी ९ कशाचे होते?

उत्तर मिळायला दोन आठवडे लागले आणि ते त्या दोन आकड्यांत होतं. ४०० चा फिल्टर म्हणजे ४०० वर भिंत उभी नसते. तिथे तो निम्मा प्रकाश सोडतो, उतार दोन्ही बाजूंना काही नॅनोमीटर पसरलेला असतो. वर रुटाइलची हद्द ४१३. पी-२५ मध्ये सुमारे एक पंचमांश रुटाइल असतं. माझ्या ५८० अंशांवाल्या भुकटीतही तो २७.४ चा उंचवटा होताच. ३९५ ते ४१३ या चिंचोळ्या पट्टीतला प्रकाश फिल्टरमधून येत होता, रुटाइल तो खात होतं, प्लॅटिनम आणि मिथेनॉल पुढचं काम करत होते. नायट्रोजनचा त्यात फारसा हात नव्हता. झेनॉन दिव्याचा झोत इतका प्रखर असतो की एवढीशी पट्टीही जीसीवर सुंदर शिखर काढून दाखवते.

मला त्या दिवसांत सगळ्यात जास्त लागलं ते हे, की सरळ रेषेतले चार बिंदू खोटे नव्हते. हायड्रोजन खरा होता. फक्त तो मी म्हणत होते तिथून येत नव्हता. शिखर पाहिलं की मन तिथेच थांबतं, आणि त्याच वेळी पुढचे प्रश्न विचारायचे असतात.

४२० चा फिल्टर मागवला. भाजणं परत ५०० वर आणलं, रुटाइल नको म्हणून. पांढरी भुकटी आता जवळजवळ गप्प झाली. पिवळी तासाला एक मायक्रोमोलच्याही खाली गेली, पण शून्यावर गेली नाही. ४५५ च्या फिल्टरमागे आणखी बारीक झाली, तरी चार तासांनी रेघ हलत होती. एवढाच खरा हिस्सा नायट्रोजनचा. त्या बारक्या शिखराची मला पहिल्या मोठ्या शिखरापेक्षा जास्त माया वाटते.

त्यातही एक गाठ होतीच. युरिया तापवला की तो नुसता नायट्रोजन देऊन निघून जात नाही. त्याचे रेणू एकमेकांत गुंफून कार्बन आणि नायट्रोजनची पिवळी बहुवलयी संयुगं बनतात, ती टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागाला चिकटतात. जर्मनीतल्या होर्स्ट किश यांच्या गटाने २००८ च्या सुमारास हे मांडलं होतं. म्हणजे माझा पिवळेपणा स्फटिकाच्या जाळीत बसलेल्या नायट्रोजनचा की वर चिकटलेल्या त्या संयुगांचा? क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटात नायट्रोजनचं शिखर ३९६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आलं तर तो टायटॅनियमला थेट बांधलेला मानतात. ४०० ला आलं तर वादाला सुरुवात. माझं ४०० ला आलं. दुसऱ्या एका संस्थेत अमोनिया वायूत भाजायची सोय होती, तिथे जाऊन नमुने करून आणले. त्यांत ३९६ चं छोटं शिखर मिळालं. हायड्रोजन त्यांनी युरियावाल्यांपेक्षा जास्त दिला नाही, पण निदान आता आपण कशाबद्दल बोलतोय ते ठाऊक होतं.

मग मी मिथेनॉल काढून टाकलं. हे करायला मी दोन वर्षं घाबरत होते. प्रकाशाने इलेक्ट्रॉन वर उडाला की खाली रिकामी जागा राहते, तिला आम्ही ‘होल’ म्हणतो. इलेक्ट्रॉन हायड्रोजन बनवतो, होलने पाण्यातून ऑक्सिजन काढायचा असतो. ऑक्सिजनचा एक रेणू बनायला चार होल लागतात. मिथेनॉल ते होल आनंदाने गिळतं, मग उरलेल्या इलेक्ट्रॉनला रान मोकळं. अशा वेळी मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड आणि पुढे कार्बन डायऑक्साइड होतं. हायड्रोजन मिळतो, पण त्याला पाणी फोडणं म्हणता येत नाही. मिथेनॉलमधून हायड्रोजन काढायला पाण्याच्या मानाने अगदी थोडी ऊर्जा पुरते. मिथेनॉल घालून केलेल्या कामाच्या शीर्षकात ‘जलविघटन’ लिहू नये, असं मला वाटतं, आणि माझ्या पहिल्या मसुद्यात मीच ते लिहिलं होतं.

नुसत्या पाण्यात पिवळ्या भुकटीने ४२० च्या पुढे सहा तासांत काहीही दिलं नाही. हायड्रोजन नाही, ऑक्सिजन नाही.

अर्धं तरी जमतंय का पाहायला उलटा प्रयोग केला. पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं, म्हणजे इलेक्ट्रॉन चांदीचे आयन घेतील आणि होलला ऑक्सिजन काढायला मोकळीक मिळेल. भुकटी काळवंडली, चांदी बसत होती. पण जीसीवर ऑक्सिजन दिसला की आधी शेजारच्या नायट्रोजनकडे पाहायचं. हवेत नायट्रोजन ऑक्सिजनच्या पावणेचारपट असतो. सेप्टम दहा वेळा टोचला की त्यातून हवा शिरतेच. हवेचा वाटा वजा केला की माझ्या हातात ऑक्सिजन म्हणून खात्रीने सांगावं असं काही उरत नव्हतं. नायट्रोजनमुळे जी नवी पातळी तयार होते तिथला होल जागेवरच अडकून पडतो, पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. पोचला तरी पाण्यासारख्या हट्टी रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढायला त्याला जोर कमी पडतो. शिवाय तीन भारांचा नायट्रोजन दोन भारांच्या ऑक्सिजनच्या जागी बसवला की भार जुळवायला जाळीत ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या पडतात, आणि त्या रिकाम्या जागी इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना भेटून संपतात. प्रकाश शोषला जातो, त्याची नुसती ऊब होते.

काळी भुकटीही करून पाहिली. वीस बार हायड्रोजनची परवानगी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून सोडियम बोरोहायड्राइडबरोबर अरगॉनमध्ये भाजली. कोळशासारखी झाली. ४२० च्या पुढे ती पिवळीपेक्षाही कमी निघाली. त्यावर एवढंच.

चौथ्या वर्षीच्या फेब्रुवारीत आम्ही गच्चीवर गेलो. सरांचं म्हणणं होतं, शेवटी हे उन्हासाठी आहे ना, मग दिवा बंद करा आणि ऊन दाखवा. दोन सारखी भांडी, एकात पांढरी, एकात पिवळी, दोन्हींत मिथेनॉल, दोन्ही एकाच पाण्याच्या टबात ठेवलेली, खाली स्टरर, टबात तासातासाला बर्फ. फिल्टर नाही. अकरा ते तीन, असे चार दिवस. सिरिंज घेऊन जिना चढ-उतर करताना ताई आणि मी धापा टाकत होतो. चारही दिवस पांढरी जिंकली, आणि थोडक्यात नाही, जवळजवळ दुप्पट फरकाने. पिवळी दृश्य प्रकाशातून जेवढं कमावत होती, त्याहून कितीतरी जास्त ती अतिनीलमधलं गमावत होती. तिच्यातले ते रिकाम्या जागांचे सापळे अतिनील प्रकाशाने उडवलेल्या इलेक्ट्रॉनलाही सोडत नव्हते. पाच टक्क्यांवर जगणारी भुकटी दृश्य प्रकाशही खाणारीला मागे टाकत होती.

हे प्रबंधात घालायचं की नाही, यावर माझी रात्र गेली. पिवळ्या भुकटीच्या प्रबंधात पांढरी जिंकल्याचा आलेख कसा घालायचा? सरांनी तो पाचव्या प्रकरणाच्या सुरुवातीला घ्यायला लावला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पाऊण तास फक्त त्याच पानावर प्रश्न विचारले, आणि मी इतकी मोकळेपणाने बोललेली मला दुसरी वेळ आठवत नाही.

आता मी दुसऱ्या प्रयोगशाळेत आहे. काम टायटॅनियमच्याच घराण्यातलं, स्ट्रॉन्शियम टायटॅनेट. त्याची हद्दही अतिनीलमध्येच. पण जपानमधल्या काझुनारी दोमेन यांच्या गटाने २०२० मध्ये याच पदार्थात किंचित ॲल्युमिनियम घालून ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात जवळजवळ प्रत्येक शोषलेला कण कामी लावून दाखवला, ९६ टक्क्यांपर्यंत. स्ट्रॉन्शियम क्लोराइडच्या वितळलेल्या रसात ११५० अंशांवर भाजायचं, मग ऱ्होडियम-क्रोमियम एका प्रकारच्या पृष्ठांवर, कोबाल्ट दुसऱ्या प्रकारच्या पृष्ठांवर, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. मी सात महिने हे करत होते. माझे आकडे त्यांच्या आसपासही नाहीत.

गेल्या महिन्यात अंधारातला अर्धा तास झाला, रेघ सपाट. साध्या, काहीच न बसवलेल्या टायटॅनेटचा प्रयोग आदल्या दिवशी झालेला, तोही सपाट. मग दिवा लावला. भांड्यात नुसतं पाणी होतं, मिथेनॉल नाही, चांदी नाही. दहा मिनिटांत काचेला आतून बारीक बुडबुडे धरायला लागले. मी स्टरर थांबवला, कान लावून पाहिलं, अर्थातच काही ऐकू आलं नाही. जीसीत टोचल्यावर हायड्रोजन आला, मागून ऑक्सिजन आला, आणि नायट्रोजनच्या जागी फक्त सुरुवातीइतकीच हवा. हायड्रोजनला ऑक्सिजनने भागलं; पाणी खरंच फुटलं असेल तर दोन यायला हवेत. १.९. पुढच्या अर्ध्या तासाला २.०.

बाबांना फोन केला. म्हटलं, आज नुसतं पाणी फोडलं. ते म्हणाले, “मग त्या वेळी काय फोडलं होतंस?” मी त्यांना मिथेनॉलपासून सुरुवात करून सगळं सांगितलं, आणि त्यांनी मधे एकदाही फोन ठेवला नाही.